यादीत रोज पुढे ढकलली जाणारी ती एक ओळ

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. रोज नऊ-दहा तास काम होतं, कामांची यादी असते, दोन-तीन ॲप्स वापरून झाली, पहाटे उठूनही पाहिलंत, तरी आठवड्याच्या शेवटी जे खरं महत्त्वाचं होतं तेच राहिलेलं असतं. कार्यक्षमता कशी वाढवायची, असं तुम्ही विचारलंय. शेवटी, जाता जाता, आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. बरोबरीच्या एका सहकाऱ्याकडून दर सोमवारी आकडे उशिरा येतात, त्यात चुका असतात, आणि त्याला तसं सांगायला तुमची जीभ रेटत नाही. आणि साहेब दिवस संपता संपता नवं काम हातात ठेवतात, तेव्हा तोंडातून 'हो सर' निघून जातं.

त्या शेवटच्या दोन गोष्टी मी आधी घेणार आहे. बावीस वर्षं मी टीम सांभाळल्या, त्यातली अलीकडची काही वर्षं नव्या टीम लीडना तयार करण्यात गेली. तुमच्यासारखं पत्र मला अनेकदा येतं आणि बहुतेकांत खरी अडचण अशी शेवटच्या दोन ओळींत असते. तुमचा वेळ त्या दोन न झालेल्या बोलण्यांत जातोय, असं माझं मत आहे.

पटत नसेल तर एक करून पाहा. गेल्या तीन आठवड्यांच्या याद्या समोर ठेवा. जी ओळ तीनदा किंवा जास्त वेळा पुढच्या दिवसावर गेली असेल तिच्यावर खूण करा. मग प्रत्येक खुणेसमोर लिहा, हे काम पुरं व्हायला काय कमी पडतंय: वेळ, माहिती, की कोणाशी तरी बोलणं? 'बजेट फायनल करणे' असं लिहिलेलं असतं. आकडे मात्र आठ दिवसांपूर्वीच तयार असतात. राहिलेलं असतं ते 'तुमच्या विभागाचा खर्च कमी करावा लागेल' हे एका माणसाला सांगणं. 'रिपोर्ट पुन्हा तपासणे' असतं, आणि त्यामागे 'याचं काम बिनचूक नसतं' हे गिळलेलं वाक्य असतं. यादीत आपण बोलणं म्हणून लिहीतच नाही. त्याला कामाचं नाव देतो, आणि मग ते काम होत का नाही याचं कोडं पडतं.

माझ्या वहीत अशी एक ओळ चार महिने होती. टीममधला एक जण सोमवारी सकाळी मला आठवड्याचा गोषवारा द्यायचा. तो यायचा दुपारी, आणि एक-दोन बेरजा मूळ नोंदींशी जुळायच्या नाहीत. मी त्या जुळवून घ्यायचो. पहिल्यांदा वीस मिनिटं गेली असतील. पुढे पुढे मी सोमवारची दुपार त्यासाठी मोकळीच ठेवायला लागलो. माझं स्वतःचं काम संध्याकाळी सुरू व्हायचं, आणि घरी जाताना मनातल्या मनात त्याला सुनावायचो. शेवटी एकदा बोललो. बारा-पंधरा मिनिटं लागली असतील. तो खरोखर गोंधळून म्हणाला, "सर, तुम्ही दर वेळी नीट करून घेता, मला वाटलं तुम्हाला तसंच बरं पडतं. मी फक्त कच्चं द्यायचं."

त्या वाक्याने मी हादरलो. चार महिने मी ज्याला सहनशीलता म्हणत होतो, त्याला त्याने आमच्यातली ठरलेली पद्धत समजलं होतं, आणि त्याच्या जागी असतो तर मीही तेच समजलो असतो. न बोलण्याचाही समोरचा काहीतरी अर्थ लावतोच, आणि तो बहुतेक वेळा 'चाललंय ते बरं चाललंय' असा असतो.

बोलणं टाळण्याची किंमत तीन ठिकाणी जाते. समोरच्याचं काम आपण करतो, ती पहिली. दुसरी, वळसे: थेट विचारायचं सोडून चार जणांना सीसीत ठेवून मेल करणं, तिसऱ्याकरवी निरोप धाडणं, मीटिंगमध्ये 'सगळ्यांनीच वेळ पाळूया' असं मोघम बोलणं. तिसरी सगळ्यांत मोठी आणि कुठल्याच टाइमशीटमध्ये न दिसणारी, ती म्हणजे डोक्यात चाललेली तालीम. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये बर्लिनमधल्या आपल्या प्रयोगांतून मांडलं की अर्धवट राहिलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवत राहतात. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत ते तितकं ठळक दिसलं नाही. माझ्या रोजच्या कामात मला त्याहून उपयोगी पडला तो २०११ मधला मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांचा अभ्यास. काम पुरं करण्याचीही गरज नसते. ते केव्हा, कुठे, कसं करायचं हे नेमकं ठरवलं तरी त्याची मनातली लुडबुड थांबते, असं त्यांना दिसलं.

म्हणून यादीतली 'त्याच्याशी बोलणे' ही ओळ आजच खोडा आणि तिच्या जागी तीन गोष्टी लिहा: वार-वेळ, जागा आणि पहिलं वाक्य. पहिलं वाक्य शब्दशः लिहायचं. तुमच्या बाबतीत सोमवार नको, त्या दिवशी तो स्वतः त्या शीटमध्ये बुडालेला असणार. मंगळवारी सकाळी, पहिल्या तासाभरात. संध्याकाळी ठेवलंत तर अख्खा दिवस त्याची वाट पाहण्यात जाईल. बोलून झाल्यावर अर्धा तास हलकी कामं ठेवा, कारण बोलणं चांगलं झालं तरी मन थोडा वेळ तिथेच रेंगाळतं.

आता ते वाक्य. बहुतेकांची सुरुवात अशी होते: "अरे, तू नेहमीच उशिरा देतोस, जरा सिरियसली घे ना." यात 'नेहमीच' म्हटलं की तो लगेच एक वेळेवर दिलेला सोमवार शोधून काढतो, आणि पुढची दहा मिनिटं त्या एका सोमवारावर वाद होतो. 'सिरियसली घे' म्हटलं की विषय शीटवरून त्याच्या स्वभावावर जातो. स्वभावाचा बचाव माणूस जिवाच्या आकांताने करतो. त्याऐवजी असं म्हणता येईल:

"गेल्या तीन सोमवारी शीट मला दुपारी दोननंतर मिळाली, आणि त्यातल्या दोन वेळा बेरीज मूळ बिलांशी जुळली नाही. ती जुळवण्यात माझा तास-दीड तास जातो आणि चारचा रिपोर्ट साडेपाचला जातो. तुझ्याकडे नेमकं कुठे अडतं, ते मला समजून घ्यायचंय."

काय दिसलं, त्याने काय झालं, आणि मग प्रश्न. त्या प्रश्नानंतर गप्प बसायचं, हा भाग सगळ्यांत अवघड जातो. पाच-सहा सेकंदांची शांतता फार लांब वाटते आणि आपणच ती भरायला जातो: "म्हणजे, तसं फार काही नाही, पण..." या 'तसं फार काही नाही'ने सगळं बोलणं पाण्यात जातं. हात टेबलावर ठेवा, श्वास घ्या, त्याला विचार करू द्या.

पुढे काय होईल याच्या दोन-तीन शक्यता आहेत. तो म्हणेल, "मला वाटलं संध्याकाळपर्यंत चालतं." मग तुमचं काम सोपं आहे. चारची वेळ कुठून येते, तुमच्यापुढे ती फाइल कोणाकडे जाते, ते त्याला दाखवा. बऱ्याच लोकांना आपलं काम पुढे कुठे पोचतं हेच माहीत नसतं. तो म्हणेल, "माझ्याकडेच माहिती उशिरा येते." मग विचारा कोणाकडून, आणि दोघं मिळून त्या तिसऱ्याकडे जा. किंवा तो चिडेल: "तू काय माझा बॉस आहेस?" इथे आवाज चढवायचा नाही आणि माघारही घ्यायची नाही. "नाही. म्हणून तर आधी तुझ्याशीच बोलायचं ठरवलं." एवढं म्हणा आणि पुन्हा त्याच प्रश्नावर या. चिडलेला माणूस बऱ्याचदा दुसऱ्या वेळी विचारल्यावर खरं उत्तर देतो. पहिल्या वेळी तो फक्त स्वतःला सावरत असतो.

'मी सुचवून पाहिलंय, त्याला कळायला हवं,' असं तुम्ही लिहिलंय. मला नाही वाटत त्याला कळलं असेल. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटाने वाजवायचा, इतरांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, समोरच्याला ऐकू येते नुसती टकटक. 'जरा लवकर मिळालं तर बरं होईल' हे तुमचं वाक्य त्याच्या कानावर तसंच पडलंय. तुम्हाला त्यामागची सगळी दुपार ऐकू येते. त्याला काहीच ऐकू येत नाही.

एक चूक मात्र मी स्वतः केली आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. वर्षाच्या अप्रेझलमध्ये एका हुशार सहकारी मुलीला मी म्हणालो, "तुझ्यात ओनरशिप कमी आहे." मला म्हणायचं होतं ते एवढंच: ग्राहकांच्या दोन तक्रारी तिने संबंधित विभागाला पाठवल्या, पण त्या सुटल्या की नाही हे नंतर पाहिलं नाही. तेवढंच बोललो असतो तर तिने दुसऱ्या दिवसापासून तसं पाहायला सुरुवात केली असती. मी मात्र तिच्या गुणदोषांवर शिक्का मारला. पुढचे कित्येक महिने ती सांगितलेलं तेवढंच करत राहिली आणि मीटिंगमध्ये बोलायची थांबली. मी नंतर तिची माफी मागितली. ते महिने काही परत आले नाहीत. पुढे क्लुगर आणि डेनिसी यांचं १९९६ मधलं काम वाचलं. कामाबद्दलच्या अभिप्रायावरचे ६०७ निष्कर्ष त्यांनी एकत्र तपासले. सरासरी पाहिली तर अभिप्रायाने काम सुधारतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते आणखी बिघडलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं की अभिप्रायाने लक्ष कामावरून उडून 'मी कसा आहे, मी कशी आहे' याकडे वळलं की नुकसान होतं. म्हणून बोलण्याआधी लिहिलेलं वाक्य एकदा वाचा आणि त्यात माणसाचं विशेषण सापडलं तर ते काढून टाका. आळशी, निष्काळजी, निगेटिव्ह, असलं काहीही. विशेषण काढल्यावर वाक्यात सांगण्यासारखं काही उरत नसेल, तर बोलायला जाण्याआधी आणखी दोन आठवडे नीट पाहा, नोंदी करा.

साहेबांचं प्रकरण वेगळं आहे, कारण तिथे अधिकार त्यांच्याकडे आहे. तिथे दोन बोलणी आहेत आणि लोक ती एकात मिसळतात. पहिलं त्या क्षणाचं. संध्याकाळी काम आलं की 'वेळ नाही' म्हणू नका, त्यावर 'काढा' असं उत्तर येतं. समोर निवड ठेवा: "सर, हे आज करायचं तर सकाळी जाणारं ग्राहकाचं कोटेशन दुपारी जाईल. कोणतं आधी हवंय?" तुमच्या हातात काय काय आहे हे साहेबांच्या डोळ्यांसमोर नसतं. ते दुर्लक्ष करतात असं नाही, त्यांच्यापुढे दहा माणसांची कामं असतात. या वाक्याने ठरवण्याची जबाबदारी जिथे असायला हवी तिथे परत जाते. कधी उत्तर येईल, "दोन्ही आजच." मग दोन्हींपैकी किती आज होईल ते खरं खरं सांगा: "दोन्हींचा कच्चा मसुदा सातपर्यंत देता येईल, तपासणी उद्या सकाळी." खोटा होकार देऊन रात्री अकराला अर्धवट काम पाठवण्यापेक्षा हे साहेबांनाही उपयोगी असतं, कारण पुढे काय सांगायचं ते त्यांना कळतं.

दुसरं बोलणं सवयीबद्दलचं, आणि ते त्याच संध्याकाळी कधीच करायचं नाही. महिनाभर वहीत नोंद ठेवा: काम कधी आलं, केव्हा हवं होतं, प्रत्यक्षात कधी वापरलं गेलं. मग शांत वेळ मागून घ्या. "सर, गेल्या महिन्यात सहा वेळा पाचनंतर काम आलं. त्यातलं दोन वेळचं खरोखर त्याच दिवसाचं होतं. बाकीचं सकाळी चाललं असतं का? आणि दुपारी तीनला दोन मिनिटं येऊन 'आज काही येणार आहे का' असं विचारलं तर चालेल का?" हे तीन वाजताचं विचारणं मी बऱ्याच जणांना सुचवलंय. यात तक्रार नाही, साहेबांनी काही कबूल करण्याची गरज नाही, आणि काम पाचऐवजी तीनला बाहेर येतं. सगळे साहेब ऐकतात असं मी म्हणणार नाही. काही ऐकत नाहीत. पण नोंद हातात असली की तुमच्या टीममध्ये माणूस कमी आहे की सवय वाईट आहे, हे तरी तुम्हाला स्वतःला कळतं, आणि पुढचा निर्णय त्यावर घेता येतो.

समोरचं माणूस रडलं तर? थांबा. पाणी द्या, "दहा मिनिटांनी बोलूया का?" असं विचारा, पण विषय सोडून देऊ नका आणि आपलं म्हणणं गुळमुळीत करू नका. अश्रू पाहून आपण 'राहू दे, काही नाही' म्हणतो. मग त्या माणसाला अपमानही सोसावा लागतो आणि नेमकं काय चुकलं तेही कळत नाही.

आणि काही गोष्टी समोरासमोर बसून मिटवायच्याच नसतात. लैंगिक छळ, धमकी, खोट्या सह्या किंवा खोटे हिशेब, सगळ्यांसमोर वारंवार होणारा अपमान. तिथे वर लिहिलेलं काहीही वापरू नका. तारीख, वेळ, कोण हजर होतं ते लिहून ठेवा, मेल आणि मेसेज जपा, आणि एचआर किंवा तक्रार समितीकडे लेखी जा. 'आधी एकदा बोलून तर बघ' हा सल्ला अशा वेळी घातक ठरतो, कारण त्याने समोरच्याला सावध व्हायला वेळ मिळतो.

बोलणं झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका, फक्त त्याला, सीसी कोणी नाही: "सकाळी बोललो त्याप्रमाणे सोमवारी बारापर्यंत शीट, बेरीज बिलांशी जुळवून. महिन्याने एकदा बघू कसं चाललंय." महिन्याची तारीख कॅलेंडरमध्ये घाला. दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा चुकला तर तुम्ही गुपचूप नीट करून घेऊ नका. शीट परत पाठवा, कुठे जुळत नाही त्या ओळीवर रंग लावून. मला स्वतःला हे बोलण्यापेक्षाही जड गेलं होतं. दहा मिनिटांत स्वतः केलं असतं असं वाटत राहतं. पण तुम्ही एकदा दुरुस्त केलंत की जुनी पद्धत परत सुरू झाली, असं तो समजेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. याबद्दल मला फार काही लिहायचं नाही, कारण दोन्ही बोलणी झाली की आठवड्यातले तीन-चार तास तुमच्याकडे तसेच परत येतील. ॲप बदलू नका, आहे तेच ठेवा, किंवा साधी वही घ्या. दिवसाला तीनच कामं लिहा. सकाळचा पहिला दीड तास त्यातल्या सगळ्यांत अवघड कामाला द्या आणि त्या वेळात मेल उघडू नका. कामाला किती वेळ लागेल हे मनाने ठरवू नका, मागच्या वेळी प्रत्यक्ष किती लागला ते बघून लिहा. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. सरासरी अंदाज आला ३४ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. अंदाज चुकला की दिवस कोसळतो, आणि आपण त्याचा दोष स्वतःच्या शिस्तीला देतो. पहाटे उठणं तुम्हाला मानवत नसेल तर खुशाल सोडून द्या.

पहिलं बोलणं सहकाऱ्याशी करा, साहेबांशी नंतर. साहेबांसाठीची महिनाभराची नोंद मात्र आज संध्याकाळपासूनच सुरू करता येईल. मंगळवारसाठीचं पहिलं वाक्य लिहून झालं की एकदा मोठ्याने म्हणून बघा. लिहिताना जे नीट वाटतं ते तोंडातून येताना अडखळतं, आणि जिथे अडखळाल तो शब्द बहुधा तुमचा नसतो. तो बदला.